घरच्या ख्रिसमस पार्टीला कॉकटेल: बेस आदल्या दिवशी, दारू ग्लासात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घोडबंदर रोडला टू बीएचके आहे, २५ डिसेंबरला संध्याकाळी सोळा जण येणार, त्यात दोन लहान मुलं, सासूसासऱ्यांसकट चार न पिणारे आणि दहा पिणारे, आणि तुम्ही व्हिडिओ बघून एगनॉग (अंडं-दुधाचं पेय), मल्ड वाइन (मसाला घालून गरम केलेली वाइन), क्रॅनबेरी मार्गरिटा अशी सहा कॉकटेलची यादी केलीय, तर यातलं काय काय करू आणि बारटेंडर बोलवू का.

बारटेंडर बोलवू नका. मी स्वतः हेच काम करते, ठाण्यात आणि नवी मुंबईत घरगुती पार्ट्यांना बार लावते, बरीच वर्षं झाली, आणि तरी सांगते की सोळा माणसांच्या घरगुती ख्रिसमसला त्याची गरज नाही. गरज आहे ती ही सहाची यादी तीनवर आणायची. शेकरमध्ये एका वेळी दोनच ड्रिंक नीट होतात. दहा जणांना एक राउंड द्यायचा म्हणजे पाच वेळा शेक करा, दर वेळी नवीन बर्फ घ्या, शेकर विसळा, गाळा, आणि दहाव्याच्या हातात ग्लास जाईपर्यंत पहिल्याचा संपलेला असतो. मग यजमान अख्खी संध्याकाळ किचन ओट्याशी आणि पाहुणे हॉलमध्ये, याला काय अर्थ आहे, तुम्ही माणसं भेटायला बोलावलीत ना.

माझी पद्धत अशी आहे की तीन बेस करायचे, तिन्ही बिनदारूचे, तिन्ही आधी करून ठेवायचे, आणि दारू जगमध्ये किंवा पंच बोलमध्ये घालायचीच नाही, ती प्रत्येकाच्या ग्लासात ३० मिलीच्या मापाने शेवटी घालायची. याने एकाच वेळी बरीच कामं होतात. मुलं, सासूबाई आणि तुमचे मित्र सगळ्यांच्या हातात तोच लाल रंगाचा ग्लास असतो, न पिणाऱ्याला वेगळं काढून कोल्ड्रिंक द्यावं लागत नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण न पिणाऱ्या पाहुण्याला कोपऱ्यात पिवळं मँगो ड्रिंक धरून उभं करणं हा मी अपमानच समजते. दुसरं म्हणजे कोणी किती घेतली हे मापात राहतं. तिसरं, उरलेला बेस वाया जात नाही. बोलमध्ये एकदा रम ओतली की तो अख्खा बोल फक्त दहा जणांचा झाला आणि कुठलं तरी मूल त्यात कप बुडवेल का हे बघत बसा.

आता तीन बेस कुठले ते सांगते.

पहिला, आणि माझ्या मते संध्याकाळचा मुख्य, अंबाडीचा. जमैकात आणि आजूबाजूच्या कॅरिबियन बेटांवर ख्रिसमसचं पेय म्हणजे सॉरेल, आणि ते सॉरेल म्हणजे आपली अंबाडीच, तिची लाल बोंडं. आपण पाल्याची भाजी करतो, विदर्भात बोंडांची चटणी आणि सरबत करतात, तिकडे तीच बोंडं आलं आणि लवंग घालून रात्रभर भिजवतात आणि वर रम. क्रॅनबेरीच्या मागे लागण्याचं काही कारणच नाही, ती आपल्याकडे पिकत नाही, जी मिळते ती बहुतेक पॅकबंद गोड ज्यूसच्या रूपात, आणि अंबाडीला तिच्यापेक्षा सुंदर रंग आणि खरा आंबटपणा आहे. वाळलेली बोंडं ऑनलाइन हिबिस्कस टी किंवा रोझेल नावाने मिळतात, फक्त पाकिटावर नीट बघा, कुंडीतल्या जास्वंदीच्या पाकळ्या नकोत, त्यांना तसा आंबटपणा नसतो.

माप असं. वाळलेली बोंडं ८० ग्रॅम, ताजी मिळाली तर साधारण अर्धा किलो, आतली हिरवी बी काढून टाकायची. ५० ग्रॅम आलं ठेचून, सहा लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन संत्र्यांची साल, सालीचा आतला पांढरा भाग घेऊ नका, तो कडू असतो. स्टीलच्या पातेल्यात हे सगळं घाला, वर दोन लिटर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा आणि रात्रभर विसरून जा. अॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आंबट पाण्याला धातूची चव लागते. सकाळी गाळून घ्या, २५० ते ३०० ग्रॅम साखर विरघळवा, चाखून बघा, आणि थंड असताना गोडी कमी जाणवते म्हणून कोमट असताना किंचित जास्त गोड वाटेल इतकी ठेवा. साधारण दोन लिटर बेस होतो. एका ग्लासात १०० मिली बेस, ३० मिली डार्क रम, भरपूर बर्फ, संत्र्याची चकती. वीस ग्लास निघतात. रम न घेणाऱ्याला १०० मिली बेसवर थंड सोडा, दिसायला अगदी सेम आणि चवीला काहीच कमी नाही. लवंग मात्र सहाच, कृपा करून मूठभर घालू नका. लवंगेने जीभ बधिर होते आणि मग बाकी काही लागत नाही, ख्रिसमसच्या ड्रिंकमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते मसाल्यानेच.

अंबाडी नाहीच मिळाली तर कोकम. बाजारातलं गोड अमृत कोकम असेल तर वरून साखर नको आणि आगळ असेल तर आधी चाखा कारण त्यात बहुतेकदा मीठ असतं. आलं, दालचिनी, संत्र्याची साल तेच.

दुसरा बेस एगनॉगच्या जागी. एगनॉग वाईट नाही, मला आवडतं, पण कच्च्या अंड्याचं एगनॉग सोळा जणांना, त्यात म्हातारी माणसं आणि मुलं, असं मी कधीच देत नाही, साल्मोनेला या जंतूची भीती खरी आहे. करायचंच असेल तर दूध, साखर आणि पिवळ्या बलकाचं कस्टर्ड मंद आचेवर ढवळत ७१ डिग्रीच्या वर न्यायचं, थर्मामीटर लावून, उकळू द्यायचं नाही नाहीतर अंडं फुटून गुठळ्या होतात. एवढं करून वर तुमच्याकडे शाकाहारी पाहुणे असणारच, मग प्रत्येकाला अंडं आहे हं अंडं आहे सांगत फिरा. त्यापेक्षा प्वेर्तो रिकोचं कोकितो करा, तिकडचं ख्रिसमसचं पेय, नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी आणि रम. सोलकढीवर वाढलेल्या माणसाला नारळाचं दूध आणि रम ही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

८०० मिली नारळाचं जाड दूध, ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, २०० मिली साधं दूध, एक चमचा दालचिनी पूड, पाव जायफळ किसून, थोडा व्हॅनिला, चिमूटभर मीठ. मिक्सरमधून फिरवा, बाटलीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा. नारळाचं दूध घरी काढलेलं जास्त चविष्ट लागतं यात वादच नाही, पण ते लवकर आंबतं, म्हणून घरचं असेल तर २५ तारखेला सकाळीच करा आणि आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर टेट्रापॅकचं घ्या. फ्रीजमध्ये वर खोबऱ्याच्या तेलासारखा थर जमतो, घाबरू नका, बाहेर काढून दहा मिनिटं ठेवा आणि जोरात हलवा, परत एकजीव होतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, यात लिंबू, संत्रं, काहीही आंबट पडता कामा नये, लगेच फाटतं. अंबाडीचा वापरलेला ग्लास न धुता त्यात कोकितो ओतलंत तरी कडेला कण दिसायला लागतात.

हे छोट्या ग्लासात द्यायचं, ७० मिली बेस आणि ३० मिली रम, वरून जायफळ. जड असतं, मोठा ग्लास कोणाला संपत नाही. तिकडचे लोक रम बाटलीतच घालून मुरवत ठेवतात, मोठ्यांचीच पार्टी असती तर मीही तसंच केलं असतं, पण घरात मुलं आहेत म्हणून ग्लासात. मुलांसाठी ७० मिली बेसमध्ये तेवढंच थंड दूध घाला, त्यांना हे सगळ्यात जास्त आवडतं. मूळ कोकितोत पांढरी रम असते पण ओल्ड मंक घातली तर कॉफीसारखा रंग येतो आणि तिचा व्हॅनिलाकडे झुकणारा वास नारळाबरोबर इतका छान बसतो की मी पांढरी रम वेगळी आणायला सांगत नाही.

तिसरा बेस गरम, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. लोक मल्ड वाइन मल्ड वाइन करतात, आणि आपल्याच ठाणे-वसई-साष्टी पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांकडे खिमाड आहे हे फार जणांना माहीतच नसतं. तलावपाळीजवळचं सेंट जॉन चर्च पोर्तुगीज काळापासूनचं आहे, या भागात नाताळ काही काल मॉलमधून आलेला नाही, इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत तो शेकडो वर्षं साजरा होतोय. खिमाड म्हणजे गवती चहा, दालचिनी, लवंग, वेलची यांचा गोड काढा आणि त्यात गावठी दारू, लग्नकार्यात छोट्या ग्लासातून गरम गरम देतात. ठाण्यात बसून ख्रिसमस पार्टी करताय तर गरम ड्रिंक हेच असलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

सव्वा लिटर पाणी, गवती चहाची आठ-दहा पाती गाठ मारून, आल्याचा मोठा तुकडा ठेचून, दालचिनीचे दोन तुकडे, आठ लवंगा, सहा वेलच्या, १५० ग्रॅम साखर. झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद उकळा, गाळा, आणि थेट थर्मासमध्ये. लवंग इथे आठ चालते कारण पंधरा मिनिटांनी गाळतोय, रात्रभर ठेवत नाहीये. कपात ३० मिली रम किंवा ब्रँडी आधी घ्या आणि वरून ९० मिली गरम काढा ओता, वास एकदम वर येतो. गावठीच्या नादाला लागू नका, दुकानातली सीलबंद बाटलीच वापरा. आणि रम-ब्रँडी गॅसवर कधीही गरम करायची नाही, अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं, वाफ ज्योतीपर्यंत गेली की भडका उडतो. काढा पुरेसा गरम असतो, त्यानेच काम होतं. ग्लास म्हणाल तर कटिंग चहाचे जाड ग्लास सगळ्यात उत्तम, पातळ वाइन ग्लासात उकळतं ओतलं तर तडकतो.

हे खिमाड आठ वाजता काढू नका. ठाण्यात डिसेंबरला दुपारी तीस-बत्तीस डिग्री असतं, आणि संध्याकाळी सोळा माणसं भरलेल्या हॉलमध्ये पंखा लावूनही घाम येतो, तेव्हा गरम ड्रिंक कोण पिणार. साडेदहानंतर बाल्कनीत गारवा येतो, येऊरच्या डोंगराच्या बाजूला तोंड असेल तर अजूनच, तेव्हा थर्मास बाहेर काढा. न पिणाऱ्यांनाही तोच काढा, जेवणावर फार बरा वाटतो.

मल्ड वाइनचा हट्टच असेल तर नाशिकची साधी शिराझ घ्या, महाग बाटली उकडून टाकण्यात अर्थ नाही. आधी कपभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, संत्र्याची साल आणि मसाला उकळून पाक करा, मग आच कमी करून वाइन घाला, वाफ यायला लागली की बंद. उकळली की वाइनचा फळाचा वास जातो आणि मागे आंबट-तुरट पाणी राहतं. एका बाटलीत सहा-सात कप.

दारू किती आणायची याचा हिशोब सोपा आहे. दहा पिणारे, साधारण चार तास, माणशी ३० मिलीचे चार स्मॉल धरा, म्हणजे १२०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, आणि थोडी उरते. दोन्ही डार्क रम चालतील किंवा एक रम एक ब्रँडी. एकच प्रकारची दारू तिन्ही ड्रिंकमध्ये असली की दुसऱ्या दिवशी लोक सुखी असतात असं म्हणतात, खरं तर फरक पडतो तो एकूण किती घेतली यानेच, पण तुमचा खर्च आणि गोंधळ मात्र नक्की कमी होतो. बाटल्या २०-२१ तारखेलाच आणून ठेवा, २४ ला संध्याकाळी वाइन शॉपची रांग बघण्यासारखी असते. केकसाठी ड्रायफ्रूट रममध्ये भिजवले असतील तर गाळून उरलेली रम फेकू नका, अंबाडीच्या ग्लासात चमचाभर घाला, मनुका आणि जर्दाळूची सगळी चव त्यात उतरलेली असते.

परमिटचं लोक हसण्यावारी नेतात पण महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परमिट लागतं, एक दिवसाचं, वर्षाचं आणि कायमचं अशी मिळतात, दरवर्षी पार्टी करत असाल तर कायमचं काढून टाका. आणि वय, रम-व्हिस्कीसाठी २५ पूर्ण, बीअर आणि वाइनसाठी २१. कॉलेजातला भाचा येणार असेल तर त्याला अंबाडी सोडा द्या, तो ग्लास दिसतो तसाच, त्याला चारचौघांत काही वाटणार नाही.

आता बर्फ. घरगुती पार्टीत दारू कमी पडत नाही, बर्फ कमी पडतो. माणशी अर्धा किलो धरा, सोळा जणांना आठ किलो, तुमच्या फ्रीजच्या ट्रेमध्ये हे होणारच नाही. पिशवीतला खाण्याचा बर्फ ऑर्डर करा, आणि मोठ्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. कारखान्यातली लादी स्वस्त पडते म्हणून आणू नका, ती मासे आणि माल थंड ठेवायला असते, महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा करायचा नियम याच कारणासाठी आहे. जगमध्ये घालायला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून एक मोठा ठोकळा आदल्या दिवशी जमवा, मोठ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग कमी म्हणून तो हळू वितळतो आणि बेस पाणचट होत नाही. डब्याला झाकण मात्र घट्ट लावा, फ्रीजरमध्ये सुरमई ठेवलेली असेल तर बर्फ तिचा वास ओढून घेतो आणि तो वास अंबाडीत स्पष्ट कळतो. ग्लासात बर्फ वरपर्यंत भरा, दोनच खडे टाकलेत तर ते पटकन वितळतात आणि ड्रिंक जास्त पातळ होतं, लोकांना हे उलटं वाटतं पण करून बघा.

बार किचनमध्ये लावू नका, सगळे तिथेच गर्दी करतात आणि भजी तळणाऱ्याला हलता येत नाही. पॅसेजमध्ये किंवा बाल्कनीच्या दाराशी एक टेबल, त्यावर अंबाडीचा जग, बर्फाचा डबा, चकत्यांची वाटी, डाळिंबाचे दाणे, आणि पाण्याचा मोठा जग, तो सगळ्यात पुढे. ग्लास माणसांच्या दीडपट ठेवा, पाहुणे ग्लास कुठेतरी ठेवतात आणि दुसरा घेतात. कोकितो फ्रीजमध्येच, मागेल तसं काढायचं, टेबलावर तासन्‌तास ठेवायचं नाही. रमची बाटली टेबलावर उघडी सोडू नका, घरातल्या एकाने मापाने ओतायची जबाबदारी घ्यायची, तासातासाने बदला. माप म्हणजे तो तीस-साठचा पेग मेजर, हाताच्या अंदाजाने ओतलं की रात्री दहाला स्मॉल म्हणून जे येतं ते लार्जच्या वर असतं, सगळीकडे हेच होतं.

खायला आधी द्या, ड्रिंक नंतर. कोथिंबीर वडी, कटलेट, चिकन असं काहीतरी पोटभरीचं पहिल्या अर्ध्या तासात फिरलं पाहिजे, नुसत्या शेंगदाण्यांवर रम चढते. सजावटीसाठी रोझमेरीच्या काड्यांवर पैसे घालवू नका, संत्र्याच्या पातळ चकत्या मंद ओव्हनमध्ये किंवा दोन दिवस कडक उन्हात वाळवा, किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी आल्याच असतील तर अर्धी चिरून ग्लासाच्या कडेला लावा, मुलंही खूश. कोणी औषधं घेतंय, विशेषतः झोपेची, शुगरची किंवा अँटिबायोटिक, असं कळलं तर त्याला आग्रह करायचाच नाही. आग्रह आपल्याकडे श्रीखंडाला चालतो, दारूला चालत नाही.

साडेअकराला बाटली आत ठेवा, तोवर सगळ्यांना पुरेसं मिळालेलं असतं, आणि त्या वेळी गरम मसालेभात किंवा खिचडी आणि पाणी काढा. गाडी आणलेल्या प्रत्येकाशी संध्याकाळी आल्या आल्याच बोला, रात्री नाही, रात्री प्रत्येक जण मी ठीक आहे असंच म्हणतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि पहिल्यांदा सापडलात तरी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ख्रिसमसला घोडबंदर रोडवर नाकाबंदी धरूनच चाला, पण नाकाबंदी नसली तरी रात्री त्या रस्त्यावर अवजड ट्रक असतात, तिथे प्यायलेल्या माणसाला स्टिअरिंग देऊ नका. कॅब, भाड्याने ड्रायव्हर, नाहीतर हॉलमध्ये गादी.

उरलेला अंबाडीचा बेस फ्रीजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतो, ३१ तारखेपर्यंत ओढायचा असेल तर ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि तेच लाल खडे सोड्यात टाका. कोकितोचा बेस टेट्रापॅकच्या दुधाचा असेल तर दोन दिवसांत संपवा, घरच्या दुधाचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच, त्यात थोडे तांदूळ शिजवले की झकास खीर होते. खिमाडचा काढा उरला तर सकाळच्या चहात.